अखेरची चढाई, अखेरचा पास

आघाडीवर असलेला संघ शेवटच्या क्षणी का हरतो?

विशेष प्रतिनिधी, पनवेल

गुणफलक ३१-३० असा. घड्याळात जेमतेम दहा सेकंद शिल्लक. एका गुणाने मागे असलेल्या संघाचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत शिरतो आणि मैदानाभोवती जमलेला गाव श्वास रोखून धरतो. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात कबड्डी पाहत वाढलेल्या कोणालाही असा प्रसंग नव्याने रंगवून सांगावा लागत नाही. पुढे बहुधा काय होते, हेही सगळ्यांना ठाऊक असते. आघाडीवरच्या संघाचा एखादा तरणाबांड कोपरारक्षक, ज्याने सामनाभर सुरेख पकडी केलेल्या असतात, तो राहवत नाही म्हणून चढाईपटूच्या पायावर झेपावतो. पकड निसटते. मदतीला धावलेले दोन साथीदारही चढाईपटूच्या अंगाला लागतात आणि त्या ओढाताणीत त्याच्या हाताचे बोट मध्यरेषेला टेकते. एका गुणाची आघाडी होती, तेथे दोन गुणांची पिछाडी होते आणि शिटी वाजते.

'नशिबाने घात केला' असे म्हणत मंडळी घरोघर पांगतात. प्रत्यक्षात अशा पराभवात नशिबाचा वाटा थोडा असतो. नियम, अंतर आणि हव्यास यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो. गंमत म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकन फुटबॉलसारख्या सर्वस्वी वेगळ्या खेळातही नेमके हेच कोडे प्रशिक्षकांना पन्नास वर्षे छळत आले आहे. तेथे शेवटच्या सेकंदाला हताश संघ चेंडू आभाळात उंच भिरकावतो आणि आघाडीवरच्या संघाने तो जमिनीवर पाडायचा असतो. या फेकीला तेथे 'हेल मेरी' असे नाव आहे. दोन्ही खेळांतील शेवटचा क्षण शेजारी ठेवून पाहिला, तर आघाडी राखण्याची विद्या ही आघाडी मिळवण्याच्या विद्येहून किती निराळी आहे, हे ध्यानात येते.

वेळ संपते, चढाई संपत नाही

या साऱ्याचे मूळ एका साध्या नियमात आहे. कबड्डीत सामन्याची वेळ संपली, तरी सुरू असलेली चढाई पूर्ण होऊ दिली जाते. अमेरिकन फुटबॉलमध्येही घड्याळ शून्यावर आले, तरी एकदा सुरू झालेली चाल पुरी होईपर्यंत पंच खेळ थांबवीत नाहीत. म्हणजे दोन्हीकडे वेळ नव्हे, तर शेवटची चाल सामना संपवते. आघाडीवरचा संघ घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकतो, तेव्हा सामना खऱ्या अर्थाने संपलेला नसतोच.

म्हणूनच शेवटची चढाई कोणाच्या वाट्याला येणार, याचा हिशेब किमान दोन मिनिटे आधी मांडावा लागतो. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. चढाया आळीपाळीने होतात. आघाडीवरच्या संघाची चढाई घड्याळात ३० किंवा त्याहून कमी सेकंद असताना सुरू झाली, तर चढाईपटूने पूर्ण वेळ वापरून सुखरूप परतायचे, की सामना संपला. हीच चढाई ३५ सेकंद असताना सुरू झाली, तर मात्र पूर्ण वेळ खाऊनही पाच सेकंद उरतात. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो आणि त्याला पुन्हा ३० सेकंदांची पूर्ण चढाई मिळते. पाच सेकंदांच्या फरकाने एक संघ विजयोत्सव करतो आणि दुसऱ्याला अर्ध्या मिनिटाची परीक्षा द्यावी लागते. आधीच्या दोन-तीन चढाया घाईने उरकल्याचे मोल येथे चुकवावे लागते.

एका गुणाचे गणित

शेवटची चढाई प्रतिस्पर्ध्याकडे गेलीच, तर बचाव कसा करावा? याचे एकच एक उत्तर नाही. ते दोन आकड्यांवर ठरते. आघाडी किती गुणांची आहे आणि आपले किती गडी मैदानात आहेत.

पुरुषांच्या मैदानाची लांबी १३ मीटर, रुंदी १० मीटर. प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरते ती केवळ पावणेदोन मीटरची पट्टी. शेवटच्या चढाईचे सारे नाट्य या चिंचोळ्या पट्टीत घडते.

पहिली स्थिती सोपी. आघाडी एका गुणाची आणि मैदानात आपले चार किंवा पाच गडी. बोनस गुण मिळण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात, त्यामुळे येथे बोनसची वाट बंद असते. चढाईपटूला गुण हवा असेल, तर गडी टिपण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी बचावाने खोल मागे सरकावे, एकमेकांत अंतर राखावे आणि चढाईपटूला आत येऊ द्यावे. तो रिकामा परतला, तर सामना खिशात.

दुसरी स्थिती खरी अवघड. आघाडी एकाच गुणाची, पण मैदानात सहा किंवा सातही गडी. आता मागे सरकावे, तर बोनस रेषा उघडी पडते आणि बोनसने बरोबरी होते. पुढे उभे राहावे, तर चढाईपटूचा हात किंवा लाथ अंगाला लागण्याची भीती. जाणते बचावपटू यातून जो मार्ग काढतात, तो नियमावरच आधारलेला आहे. चढाईपटूने बोनस घेतला आणि त्यानंतर त्याची पकड झाली, तर बोनसचा एक गुण त्याला मिळतो आणि पकडीचा एक गुण बचावाला. ३१-३० चे ३२-३१ होते, आघाडी जिथल्या तिथे राहते. बोनस घेण्यासाठी चढाईपटूला एक पाय रेषेपलीकडे टाकताना मागचा पाय हवेत ठेवावा लागतो, म्हणजे त्या क्षणी तो एका पायावर आणि मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर दूर असतो. त्याला धरण्याची याहून योग्य वेळ नसते. तोपर्यंत हात आवरायचे आणि त्या क्षणी मात्र तिघा-चौघांनी एकदम तुटून पडायचे, असा हा बचाव आहे.

तिसरी स्थिती फसवी. आघाडी दोन गुणांची, पण मैदानात आपला एकच गडी शिल्लक. प्रेक्षकांना वाटते, दोन गुण म्हणजे निर्धास्त. पण या एका गड्याला स्पर्श झाला, तर त्याचा एक गुण आणि लोणाचे दोन, असे तीन गुण एका झटक्यात जातात. म्हणून अनुभवी कर्णधार शेवटच्या मिनिटांत केवळ गुणफलक पाहत नाहीत, तर मैदानातील डोकीही मोजतात. आघाडी पुरेशी असेल, तर थोडे आधीच लोण पत्करून सातही गडी मैदानात परत आणण्याची चालही या मोजणीतूनच खेळली जाते.

या सर्व स्थितींना एक सामाईक अट आहे. 'पकड करू नका' हा आदेश स्पर्श होईपर्यंतचाच असतो. एका गुणाची आघाडी असताना चढाईपटूने एकाला टिपले, की तो परतला तर बरोबरी होणार. त्या क्षणापासून त्याला रोखणे भागच असते. खोल उभे राहण्याचा दुसरा लाभ येथे दिसतो. मध्यरेषेजवळ झालेल्या स्पर्शानंतर चढाईपटू एका उडीत घरी पोहोचतो. सहा मीटर आत झालेल्या स्पर्शानंतर त्याला सगळे अंगण पार करायचे असते आणि तेवढ्यात साखळी त्याच्याभोवती आवळता येते. मात्र मागे सरकतानाही भान हवे. अंतिम रेषेबाहेर पाय पडला, की गडी आपोआप बाद होतो आणि प्रतिस्पर्ध्याला हात न लावता गुण मिळतो.

अमेरिकेतील 'हेल मेरी'

आता याच चष्म्यातून अमेरिकेकडे पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडू असतात. मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब आणि दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचा पट्टा. या पट्ट्याला 'एंड झोन' म्हणतात. चेंडू तेथे पोहोचवला, की सहा गुणांचा 'टचडाउन' होतो. चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला क्वार्टरबॅक आणि पुढे धावत जाऊन झेलणाऱ्याला रिसीव्हर असे नाव आहे. मागे पडलेल्या संघाकडे एकच चाल उरली आणि एंड झोन खूप दूर असला, तर क्वार्टरबॅक सर्व शक्तीनिशी चेंडू तिकडे फेकतो आणि त्याचे चार-पाच साथीदार एकाच जागी गर्दी करून उडी मारतात.

या फेकीला नाव मिळाले ते २८ डिसेंबर १९७५ रोजी. डॅलस काउबॉइज संघाचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक याने मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाविरुद्ध सामन्याच्या अखेरीस ५० यार्डांचा पास फेकला, ड्र्यू पिअरसनने तो घेतला आणि डॅलसने १७-१४ असा विजय मिळवला. कॅथलिक पंथीय स्टॉबाकने नंतर सांगितले, की चेंडू फेकल्यावर आपण मेरीमातेची प्रार्थना म्हटली. तेव्हापासून हा शब्द साऱ्या अमेरिकेत रूढ झाला. प्रार्थनेवर सोडलेली फेक म्हणजे हेल मेरी.

अशी फेक बहुतेक वेळा वाया जाते. तरीही ती जेव्हा यशस्वी होते, तेव्हा फेकणाऱ्याच्या पराक्रमाइतकीच बचावाची चूकही तपासली जाते. आणि या चुका आश्चर्यकारकरीत्या एकसारख्या असतात.

झेल नव्हे, चापट

पहिली चूक हव्यासाची. हेल मेरीच्या बचावाचा पहिला धडा असा, की चेंडू झेलायचा नाही, तो हाताने खाली जमिनीवर मारायचा. चेंडू जमिनीला टेकला, की पास निष्फळ आणि सामना संपला. पण आयुष्यभर चेंडू हिसकावण्याचा सराव केलेल्या बचावपटूला समोर तरंगत येणारा सोपा चेंडू दिसतो आणि धडा विसरला जातो.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी ऑबर्न विरुद्ध जॉर्जिया या विद्यापीठांच्या सामन्यात हेच घडले. ऑबर्न संघ एका गुणाने मागे होता आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता. ऑबर्नच्या लांब फेकीवर जॉर्जियाचे दोन बचावपटू एकाच वेळी झेपावले. दोघांच्या ओढाताणीत चेंडू खाली पडण्याऐवजी वर उडाला आणि पुढे धावत असलेल्या रिकार्डो लुईस या ऑबर्नच्या खेळाडूच्या हातात अलगद येऊन पडला. ७३ यार्डांचा टचडाउन झाला आणि ऑबर्नने ४३-३८ अशी बाजी मारली. दोघांपैकी एकाने जरी चेंडूला खाली चापट मारली असती, तरी पुढचे रामायण टळले असते.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला हे विचित्र वाटेल. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने हार्दिक पंड्याला उंच फटका मारला. लाँग-ऑफच्या सीमेवर मुंबईच्या सूर्यकुमार यादवने तो झेलला, तोल जाताना चेंडू आत उडवला, सीमारेषेबाहेर पाऊल टाकून तो परत आला आणि त्याने झेल पूर्ण केला. भारत सात धावांनी जिंकला. तेथे झेल आवश्यकच होता, कारण चेंडू केवळ आत ढकलला असता, तर षटकार वाचला असता, पण मिलर पुढच्या पाच चेंडूंसाठी उभा राहिला असता. फुटबॉलमधील शेवटच्या फेकीनंतर पुढचा चेंडूच नसतो. म्हणून तेथे झेल ही हौस ठरते. कबड्डीतील शेवटच्या चढाईत आघाडीवरच्या संघाने केलेली अनावश्यक पकडही याच जातीची. जो गुण विजयासाठी लागत नाही, तो मिळवण्यासाठी सगळी आघाडी पणाला लावली जाते.

पाठीमागे सुटलेला एक

दुसरी चूक पाठीमागच्या माणसाला विसरण्याची. हेल मेरीवर बचाव करणारे संघ साधारणपणे तिघांना क्वार्टरबॅकवर सोडतात आणि उरलेल्या आठांना खोल पाठवतात. त्यांची कामे वाटून दिलेली असतात. काही जणांनी गर्दीत उडी मारून चेंडू खाली पाडायचा. एकाने गर्दीच्या पुढे आणि एकाने मागे उभे राहून उसळलेल्या चेंडूवर लक्ष ठेवायचे. गर्दीच्या पाठीमागे प्रतिस्पर्ध्याचा एकही खेळाडू मोकळा राहू द्यायचा नाही.

२३ नोव्हेंबर १९८४ रोजी बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामी विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या चालीवर फेकलेला पास आजही अमेरिकेत दाखवला जातो. फ्लूटी या खेळाच्या मानाने बुटका. त्याची फेक एवढ्या लांब पोहोचेल, असे मायामीच्या बचावाला वाटले नाही. ते पुढे थांबले, जेरार्ड फेलन त्यांच्या मागे निसटला आणि चेंडू थेट त्याच्या छातीवर आला. बॉस्टन कॉलेज ४७-४५ असे जिंकले. प्रतिस्पर्ध्याची पोच कमी लेखणे ही चूक कबड्डीतही नेहमीची. चढाईपटूचा हात येथवर येणार नाही, असे गृहीत धरणाऱ्या मध्यरक्षकाला त्याची मागे फेकलेली लाथ नेमकी लागते.

चाळीस वर्षांनंतर, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, शिकागो बेअर्स संघाने हाच धडा पुन्हा गिरवला. वॉशिंग्टन कमांडर्सविरुद्ध १५-१२ अशी आघाडी आणि अवघे सहा सेकंद शिल्लक. बेअर्सच्या बचावाने आधी वॉशिंग्टनला कडेला १३ यार्डांचा पास सहज घेऊ दिला. या १३ यार्डांमुळे जेडन डॅनियल्सची पुढची फेक एंड झोनच्या टप्प्यात आली. उरले दोन सेकंद. चाल सुरू झाली, तेव्हा शिकागोचा बचावपटू टायरिक स्टीव्हनसन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता. उशिरा ध्यानात आल्यावर तो धावत गर्दीत शिरला, त्याच्याच हाताला लागून चेंडू मागे उडाला आणि गर्दीच्या पाठीमागे एकटा उभा असलेल्या नोआ ब्राऊनने तो टिपला. ५२ यार्डांच्या या पासवर वॉशिंग्टनने १८-१५ असा सामना जिंकला. स्टीव्हनसनने नंतर जाहीर माफी मागितली. चर्चा त्याच्या हातवाऱ्यांचीच अधिक झाली. पण पराभवाची पूर्वतयारी आधीच्या चालीत, फुकट दिलेल्या १३ यार्डांत झाली होती. कबड्डीतही शेवटच्या चढाईतील घात बऱ्याचदा त्याआधीच्या चढाईत शिजलेला असतो.

तथापि प्रत्येक वेळी बचावाला दोष देणेही अन्यायाचे ठरेल. १५ नोव्हेंबर २०२० रोजी ॲरिझोना कार्डिनल्सच्या डिआंड्रे हॉपकिन्सने बफेलो बिल्सच्या तीन बचावपटूंच्या मधोमध उडी मारून ४३ यार्डांचा पास घेतला आणि संघाला ३२-३० असा विजय मिळवून दिला. तिघेही योग्य जागी होते. समोरचा माणूस त्या दिवशी अधिक उंच उडाला, एवढेच. बचावाने शक्यता कमी करता येतात, शून्य करता येत नाहीत.

अपेक्षा एक, घडले भलतेच

तिसरी चूक सर्वांत शिकवणारी. ९ डिसेंबर २०१८ रोजी मायामी डॉल्फिन्सविरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रिअट्स संघ ३३-२८ असा पुढे होता. शेवटच्या चालीवर लांब फेक येणार, या अंदाजाने पेट्रिअट्सने रॉब ग्रोन्कोव्स्की या आपल्या धिप्पाड आक्रमक खेळाडूला बचावात सर्वांत मागे उभे केले. उंच चेंडू खाली पाडण्यासाठी उंच माणूस, हा विचार चुकीचा नव्हता. परंतु मायामीपासून एंड झोन ६९ यार्ड दूर होता. इतक्या अंतरावरून हेल मेरी फेकण्याऐवजी त्यांनी मधल्या अंतरावर पास दिला आणि चेंडू मागे-बाजूला एकमेकांकडे देत धाव सुरू ठेवली. शेवटी केनियन ड्रेक धावत सुटला, तेव्हा त्याच्यासमोर उरला होता तो ग्रोन्कोव्स्की. उडी मारण्यासाठी आणलेल्या माणसाला धावणाऱ्याला रोखावे लागले आणि ते त्याला जमले नाही. मायामी ३४-३३ असे जिंकले. प्रतिस्पर्धी काय करील, याची कल्पना करताना तो काय करू शकतो, याचे मोजमाप राहून गेले.

कबड्डीत याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात घडले. भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत होते आणि शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती. पवन सेहरावतची ती तिसरी, म्हणजे गुण मिळवलाच पाहिजे अशी चढाई होती. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. इराणच्या बचावाला खरे तर काहीच करायचे नव्हते. दूर राहणे पुरेसे होते. पवन कोणालाही स्पर्श न करता कडेच्या राखीव क्षेत्रात गेला, म्हणजे तो स्वतःच बाद झाला. पण त्याला धरण्याच्या आवेगात इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग राखीव क्षेत्रात शिरले. स्पर्श झालेला नसताना बचावपटूंनी तेथे पाऊल टाकले, तर काय करावे, याच्या जुन्या आणि नव्या नियमांवरून वाद पेटला. पंचांचे निर्णय वारंवार बदलले, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना बराच काळ थांबला. अखेरीस भारताला चार आणि इराणला एक गुण देण्यात आला व भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक जिंकले. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे या संघात होते. निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. पण वादाला जागा कशामुळे मिळाली, याबद्दल मतभेद होण्याचे कारण नाही. जो गडी आपणहून बाद होत होता, त्याच्या मागे धावण्याची गरज नव्हती.

त्याच दिवशी भारताच्या महिला संघाने चायनीज तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. एक गुण. शेवटच्या क्षणी आघाडी राखणे हे आक्रमणाइतकेच मोलाचे कौशल्य असल्याचा याहून स्पष्ट दाखला नको.

सराव कशाचा?

चढाईचा सराव होतो, पकडीचा होतो, साखळीचा होतो. शेवटच्या चढाईत 'न पकडण्याचा' सराव मात्र सहसा होत नाही. याचे कारणही स्वाभाविक आहे. पकड दिसते, टाळ्या मिळवते, स्पर्धेअखेरीस तिला बक्षीसही असते. मागे सरकून चढाईपटूला रिकामा परत पाठवणाऱ्या बचावपटूच्या नावावर काहीच लागत नाही. पण कसोटीच्या क्षणी शरीर तेच करते, ज्याची त्याला सवय असते. अमेरिकेतील संघ हेल मेरीचा बचाव सरावात वेगळा घोटून घेतात, तो यासाठीच. चेंडू खाली मारण्याची सवय हाताला आधी लागलेली असावी लागते. हजारोंच्या गोंगाटात ती आयत्या वेळी सुचत नाही.

स्थानिक संघांना हा सराव खर्चाचा नाही. सरावाच्या शेवटी दहा मिनिटे काढून गुणफलक मांडावा: ३१-३०, समोर सात गडी, एक चढाई. मग तोच खेळ पाच गड्यांनिशी, मग एका गड्यानिशी. प्रत्येक वेळी आदेश देणारा एकच असावा, कारण शेवटच्या तीस सेकंदांत बाकावरून, प्रेक्षकांतून आणि मैदानातून एकाच वेळी ओरडले जाणारे दहा सल्ले हाच पुष्कळदा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. थोडा वेळ हाताशी असेल, तर विश्रांतीचा हक्क वापरून कोणी कुठे उभे राहायचे, हे ठरवून घ्यावे.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे अगदीच अनोळखी राहिलेला नाही. २०१२ मध्ये झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या स्पर्धेत 'पुणे मराठाज' नावाचा संघ उतरला होता. या खेळाचा 'फ्लॅग फुटबॉल' हा सौम्य प्रकार २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये खेळवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नसते. त्याच्या कमरेला लटकणारी पट्टी ओढायची असते. हूल देणे, अंग चोरणे आणि योग्य क्षणी हात घालणे, ही कबड्डीची सारी आयुधे तेथे उपयोगी पडतील.

चौकट : शेवटच्या चढाईपूर्वी कर्णधाराने स्वतःला विचारायचे प्रश्न

० आघाडी किती गुणांची आणि मैदानात आपले गडी किती?

० बोनस खुला आहे का? सहा किंवा अधिक गडी असतील तर आहे.

० बोनसने सामना बरोबरीत येतो का? येत असेल तर बोनस घेताच पकड. येत नसेल तर बोनस खुशाल द्यावा.

० एकच गडी उरला आहे का? असल्यास लोणासह तीन गुणांचा धोका.

० ही प्रतिस्पर्ध्याची तिसरी चढाई आहे का? असल्यास नुसते दूर राहणेही गुण मिळवून देते.

० अंतिम रेषा आणि राखीव क्षेत्र यांचे भान प्रत्येकाला आहे का?

आघाडी मिळवताना जो आवेश उपयोगी पडतो, तोच आघाडी राखताना घातक ठरतो. चेंडू खाली पाडणारा हात आणि चढाईपटूला वाट देऊन मागे सरकणारे पाऊल, दोन्ही प्रेक्षकांच्या नजरेत भरत नाहीत. सामना मात्र तेच जिंकून देतात.